रंगाऱ्याच्या रक्तातील चार महिन्यांचा हिशेब

मालेगाव, भिवंडी, सोलापूरकडे सूत व कापड रंगविण्याच्या धंद्यात आपले पुष्कळ बांधव आहेत. रंगाचा कारखाना आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचा संबंध लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने 1895 सालीच दाखवून दिला होता. पुढे बेन्झिडीन हे रसायन त्यातील मोठे गुन्हेगार ठरले. आपल्या सरकारने त्यापासून बनणाऱ्या 42 रंगांवर 1993 पासून बंदी घातली. तरी बिनलेबलची सुटी भुकटी घेण्याची खोड काही गेली नाही. स्वस्त मिळते, मग पुसतो कोण?

अंगात किती विष गेले हे लघवीच्या तपासणीतून कळते, पण तो हिशेब मागच्या दोन-चार दिवसांचाच असतो. रक्ताचे तसे नाही. बेन्झिडीन यकृतात पालटून तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन या प्रथिनाला चिकटते, आणि ही पेशी सुमारे 120 दिवस जगते. अहमदाबादच्या 33 कामगारांच्या मूत्राशयाच्या पेशींतील खुणांचा अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या रक्तातील खुणांचा 2006 साली. त्यांतले 18 जण बेन्झिडीनचे रंग बनविण्याच्या कामावर होते. असा रंग शरीरात फुटून पुन्हा बेन्झिडीन होतो. तेव्हा "आमच्याकडे तर तयार रंग येतो" हे समाधान फुकाचे आहे.

ही तपासणी गल्लीतल्या लॅबोरेटरीत होत नाही. मोठ्या यंत्रांची संशोधन संस्था लागते. एकटा कारागीर तेथवर पोहोचणार नाही. आमचे म्हणणे असे की कारखानदारांच्या संघटनांनी वर्गणी काढून अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेशी बोलणी करावीत. मात्र रक्तात खूण सापडली म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. रिपोर्ट पाहून माणसाला घरी बसवणार असाल तर कोणी रक्त देणार नाही, आणि का द्यावे? हा हुकूकुल इबादचा मामला आहे. रिपोर्ट कारागिराच्या हाती जावा, मालकाने सगळ्या खात्याचा मिळून आकडा पाहावा. आकडा चढला तर भुकटी बदलावी, हातमोजे द्यावेत, धूळ ओढणारा पंखा बसवावा, मजुरी चालू ठेवावी.

ज्या बुजुर्गांनी हे काम कधीच सोडले, त्यांच्या रक्तात आज काही दिसणार नाही. रोग मात्र वीस-वीस वर्षांनीही उगवतो. लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखत नसले तरी, त्यांनी मूत्रविकारतज्ज्ञाला गाठावे आणि आपण रंगखात्यात होतो हे त्याला आधी सांगावे.