येणारी पाखरे, जाणारी लेकरे

दसरा झाला की आमच्या कळंब भागात दोन वर्दळी एकदमच सुरू होतात. गावोगावी ट्रक-ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, गोधड्या आणि लेकरेबाळे त्यांत चढतात आणि ऊसतोडीची बिऱ्हाडे कारखान्यांची वाट धरतात. त्याच दिवसांत उत्तरेकडून आलेली पाखरे ज्वारीच्या शिवारात आणि धरणाच्या पाण्यावर दिसू लागतात. माणसे जातात, पाखरे येतात. शाळेत या दोहोंना एकच शब्द शिकवतात : स्थलांतर.

पक्ष्यांच्या स्थलांतरावरची लहान मुलांची चित्रपुस्तके हाती लागली की मी ती आवर्जून चाळतो. बरीचशी परदेशी वळणाची असतात. पहिल्या पानावर पाने गळतात, मग बर्फ पडते आणि पाखरू ‘दूरच्या उबदार देशाला’ निघून जाते. चित्रे सुरेखच असतात. पण तो उबदार देश म्हणजे तुझेच शिवार, हे कळंबच्या मुलाला त्यातले एकही पान सांगत नाही. निरोप देणाऱ्यांसाठी लिहिलेली ही पुस्तके आहेत. आपल्याला हवे आहे ते स्वागत करणाऱ्यांचे पुस्तक.

त्यात पहिला मान भोरडीचा असावा. काळ्या डोक्याची, गुलाबी अंगाची ही मैना पूर्व युरोप आणि मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात घरटी करते आणि पावसाळा सरता सरता आपल्याकडे येते. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर तिचा थवा उतरला की शेतकरी गोफण उचलतो. पण तीच भोरडी टोळ आणि नाकतोडेही फस्त करते, हेही मुलांना सांगावे. मग यावा कांड्या करकोचा, मंगोलिया-कझाकस्तानकडून हिमालय ओलांडणारा. मग पट्टकदंब हंस, आणि अंगणात शेपटी हलवत फिरणारा एवढासा धोबी.

मुले विचारतील, ही पाखरे कुठून येतात हे माणसाला कळले कसे? त्याचीही एक नामी गोष्ट आहे. हिवाळ्यात पाखरे चिखलात झोपतात, असे युरोपात एके काळी शहाणीसुरती माणसेही मानीत. १८२२ साली उत्तर जर्मनीत एक पांढरा करकोचा सापडला. त्याच्या मानेत आफ्रिकी लाकडाचा हातभर भाला आरपार रुतलेला होता. तेवढ्या जखमेनिशी तो खंड ओलांडून घरी परतला होता! रोस्टॉकच्या विद्यापीठात तो आजही जतन केलेला आहे.

असे पुस्तक लिहिणे हे काही हलके काम नव्हे. स्वीडनमधल्या शिक्षकांच्या संघटनेने मुलांना देशाचा भूगोल कळावा म्हणून सेल्मा लागरलॉफ यांना पुस्तक मागितले. त्यांनी १९०६-०७ मध्ये रानहंसांच्या थव्यासोबत उडणाऱ्या पाळीव हंसाच्या पाठीवर बसून देश पाहणाऱ्या निल्सची गोष्ट लिहिली. पुढे १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शाळेच्या पुस्तकासाठी मोठ्या लेखिकेकडे जावे, हे तिथल्या शिक्षकांना सुचले. आपल्याला का सुचू नये?

मात्र कळंबसाठीच्या पुस्तकात एक पान फार जपून लिहावे लागेल. वर्गात बाई विचारतील, “स्थलांतर म्हणजे काय?” आणि मागच्या बाकावरचे लेकरू म्हणेल, “आमी दिवाळीच्या टायमाला कारखान्याला जातो, तेच ना?” त्याला ‘हो’ म्हणावे की ‘नाही’?

मला वाटते, खरे ते सांगावे. पाखरू थंडी आणि अन्नाच्या ओढीने निघते. माणूस मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपायी. कांड्या करकोच्याची आणि हंसाची पिल्ले पहिल्या प्रवासात आईबापांसोबत उडतात आणि वाट शिकतात. तो प्रवासच त्यांची शाळा. आपले लेकरू आईबापांसोबत फडावर जाते, तेव्हा त्याची शाळा मात्र मागे राहते. दोन्ही स्थलांतरे एकाच सुंदर चित्रात गुंफली, तर ती या लेकराची फसवणूक होईल.

त्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत, काही ठिकाणी साखरशाळाही निघाल्या. पुस्तक त्यांची जागा घेऊ शकत नाही. पण जूनमध्ये शाळा उघडताच ते वर्गात असले, तर दसऱ्यापूर्वी या मुलांना ते पुरते वाचून होईल. मागे आजीजवळ राहिलेले मूल भोरड्या मोजील. फडावर गेलेले तिथला धोबी ओळखील. मार्च-एप्रिलमध्ये दोघे पुन्हा एका बाकावर आली, म्हणजे दोघांजवळही सांगण्यासारखे काही असेल. जाऊन आलेल्या मुलाला ‘तुझे किती धडे बुडाले?’ असे विचारण्याआधी, ‘तू काय पाहिलेस?’ असे विचारणारे पुस्तक आपण त्याला देणे लागतो.