रिकामी खुर्ची कोणाची?



वर्गाचा मॉनिटर गाव सोडून गेला तर गुरुजी दुसऱ्याच दिवशी विचारतात, "आता कोण?" मग लोकसभेतील किंवा विधानसभेतील जागा मध्येच रिकामी झाली तर? त्यासाठी पोटनिवडणूक असते. ती वेळेवर झालीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागाला पोटनिवडणूक नवी नाही. मार्च २००८ मध्ये स्वतंत्र तेलंगणाच्या मागणीसाठी तेलंगणा राष्ट्र समितीच्या खासदार-आमदारांनी राजीनामे दिले. त्यात आदिलाबादचे खासदार टी. मधुसूदन रेड्डी हेही होते. मे महिन्याच्या अखेरीस मतदान झाले. बोथ विधानसभा क्षेत्रातील आपल्या बाजारहत्नूरनेही मत दिले आणि काँग्रेसचे इंद्रकरण रेड्डी निवडून आले. जुलै २०१० मध्ये पुन्हा राजीनाम्यांमुळे पोटनिवडणुका झाल्या. त्या वेळी मात्र तेव्हाच्या आपल्या जिल्ह्यातील मंचेरियाल, चेन्नूर व सिरपूर येथे राजीनामा देणारेच परत निवडून आले. राजीनामा देणे नेत्याच्या हाती असते, पण त्यावरचा निकाल मतदार देतो.

यासाठी कायदाही आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली भर घालून, जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी असे ठरले. सवलती दोनच आहेत. उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून ती वेळेत घेणे कठीण असल्याचे प्रमाणित केले असेल, तरच सूट मिळते.

आता शेजारी पाहू. राजुरा तालुका १९५६ पूर्वी आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. आज तो चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात आहे. तेथील खासदार बाळू धानोरकर यांचे ३० मे २०२३ रोजी निधन झाले. लोकसभेची मुदत एक वर्षाहून थोडी अधिक उरली होती, तरी पोटनिवडणूक झाली नाही. जून २०२४ पर्यंत चंद्रपूरला खासदारच नव्हता. पुण्याचे खासदार गिरीश बापट मार्च २०२३ मध्ये गेले, तेथेही तसेच झाले. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये पुण्याची निवडणूक ताबडतोब घेण्याचा आदेश दिला, पण जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. याउलट नांदेडचे खासदार वसंतराव चव्हाण २६ ऑगस्ट २०२४ रोजी निवर्तले आणि २० नोव्हेंबरला, विधानसभेच्या मतदानाबरोबरच, तेथे पोटनिवडणूक झाली. निकाल अवघ्या १,४५७ मतांनी लागला. मनात आणले तर तीन महिन्यांत होते!

काही पालक म्हणतील, थोड्या महिन्यांसाठी एवढा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली तेव्हाच प्रतिनिधीगृहातील रिकामी जागा फक्त निवडणुकीनेच भरावी असे ठरले. तेव्हा निरोप घोड्यावरून जात, रस्ते कच्चे होते, तरी नेमणुकीची पळवाट ठेवली नाही. आपल्याकडे आज यंत्रे आहेत, याद्या आहेत. मग अडचण कसली?

आपल्यासारख्या सीमेवरच्या मराठी माणसाला हे विशेष कळायला हवे. शाळा, रस्ता, पाणी यांचे गाऱ्हाणे सभागृहात मांडायला माणूसच नसेल तर ते मांडणार कोण? रिकामी खुर्ची पक्षाची नसते, गेलेल्या नेत्याच्या घराण्याचीही नसते. ती मतदारांची असते.

म्हणून आमची एक सूचना. शाळेच्या विद्यार्थी मंडळात किंवा पालक समितीत जागा रिकामी झाली, तर पंधरा दिवसांत मतदान घेऊन ती भरावी. मुलांनो, अठरा वर्षांचे झाल्यावर तुम्ही मतदार व्हाल. रिकामी जागा लवकर भरण्याचा आग्रह धरायला आतापासूनच शिका.