काट्याचा नायटा होऊ देऊ नका

मळ्यात काम करताना पायात बाभळीचा काटा मोडतो, उसाच्या बुडख्याची ठेच लागते, नाही तर नवी चप्पल चावते. निरोगी माणूस दोन दिवस लंगडतो आणि विसरून जातो. पण ज्याला मधुमेह, म्हणजे आपल्या बोलीत 'साखर' आहे, त्याच्या बाबतीत काट्याचा नायटा व्हायला वेळ लागत नाही. कधी बोट, तर कधी पायच गमावण्याची पाळी येते.

'साखर हा बसून खाणाऱ्या लठ्ठ माणसांचा रोग. आम्हा कष्टकऱ्यांना तो कुठला?' असे पुष्कळांना वाटते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे वजनाने कमी आणि अंगाने बारीक होती, पण त्या मानाने शरीरातील चरबी जास्त होती. अशी चरबी पुढे मधुमेहाला वाट करून देते. तेव्हा बारीक माणसानेही गाफील राहू नये.

जखम का भरत नाही? वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, म्हणून काटा रुतलेला कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद होतात, म्हणून जखमेला पुरेसे रक्त मिळत नाही. जंतूंशी लढण्याची शक्तीही कमी पडते. त्यात माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम रोज नव्याने चिरडते.

वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच ओळखले होते. बधिर पायाची जखम प्लॅस्टर घालून चिरडण्यापासून वाचवली, तर ती भरून येते. हीच पद्धत पुढे मधुमेहींनाही उपयोगी पडली. दुखत नाही म्हणून बरे आहे, असे कधीही समजू नका.

मधुमेही बंधू-भगिनींनी एवढे पाळावे. शेतात, अंगणात, देवळाच्या वाटेवरही अनवाणी चालू नये. चप्पल घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा. रोज रात्री पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करावी आणि तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर आरसा धरावा किंवा सुनेला, नातवाला पाहायला सांगावे. पाय शेकोटीवर शेकू नयेत. कुरूप ब्लेडने कापू नये.

जखम झालीच तर स्वच्छ पाणी व साबणाने धुऊन स्वच्छ कापड बांधावे. हळद, चुना, तंबाखू, राख, शेण काहीही लावू नये. त्या पायावर भार देऊ नये आणि शक्यतो त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे. सूज, पू, दुर्गंधी, काळेपणा किंवा ताप दिसला तर घटकाभरही थांबू नये. पुण्याच्या ससूनसारखे मोठे रुग्णालय गाठावे. साखर आटोक्यात नसेल तर मलमपट्टी एकटी पुरी पडत नाही; म्हणून गोळ्या, इन्सुलिन मनाने बंद करू नये. तंबाखू, विडी मात्र आजच सोडावी.

तिशी ओलांडलेल्यांची साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. सुगीची कामे दोन दिवस मागे पडली तरी चालतील. पण गेलेला पाय परत येत नाही.