वाळक्या काठीचा देव

भीमाशंकरच्या बाजूची एक देवराई. श्रावणातला दिवस, पायवाट शेवाळलेली. घसरायला नको म्हणून मी खाली पडलेली एक वाळकी काठी उचलली. पुढे चालणारे म्हातारबाबा थांबले. हे महादेव कोळ्यांचं गाव, आणि राई त्यांच्या भैरोबाची. काठीकडे बघत ते म्हणाले, “ठेवा ती हितंच, दादा. आपली न्हाय.” आवाजात राग नव्हता. दुसऱ्याच्या घरातली वस्तू चुकून हातात घेतली तर घरचा माणूस सांगेल, तसं सांगणं होतं. मी काठी ठेवली.

मोकळ्या रानात देवाशी नातं जडतं का, हा वाद जुना आहे. त्यात मला या काठीची साक्ष काढायची आहे.

पहिला पूर्वपक्ष श्रद्धाळूंचा. देव हवा तर देवळात जा, नाम घ्या, पोथी उघडा. झाडंझुडपं बघत हिंडणं ही सहल आहे, तिला अध्यात्माचा टिळा कशाला? हा आक्षेप परंपरेच्या नावानं घेतला जातो, पण त्याला पहिली आडवी येते ती परंपराच. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला कुठं बसावं हे सांगताना ज्ञानेश्वर झाडांची सावली, निर्मळ पाणी, मंद वारा, बेताचं ऊन असा सगळा थाट मांडतात. तिथं वर्दळ नको, पाखरांचीही गर्दी नको. पण मोर अधूनमधून आले-गेले तर त्यांची ना नाही! अशा जागी सहज आलेल्या पाखंड्यालाही तप करावंसं वाटेल, असंही ते सांगतात. मठ किंवा शिवालय येतं ते हे सगळं सांगून झाल्यावर.

तुकोबांचं पाहा. देहूत विठ्ठलाचं देऊळ त्यांच्या घराण्याचंच. मोडकळीला आलेल्या त्या देवळाचा त्यांनी जीर्णोद्धार केला. तरी चिंतनाला ते भंडाऱ्याच्या आणि भामचंद्राच्या डोंगरावर जात. देऊळ आणि डोंगर यांत त्यांना भांडण दिसलं नाही. ते आपण लावतो आहोत.

आणि देवरायांतले देव तर किती ठिकाणी छप्परच नाकारतात. गुरवाला विचारा, ‘देवाला छप्पर चालत नाही’ एवढंच उत्तर मिळतं. शेंदूर लावलेला तांदळा, वर आभाळ, भोवती गारंबीच्या वेली. ज्या देवाला भिंती नकोत त्याला भेटायला उघड्यावरच जावं लागतं.

दुसरा पूर्वपक्ष विवेकवाद्यांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. ते म्हणतात, रानात बरं वाटतं कारण हवा स्वच्छ असते, गोंगाट नसतो, चालून अंग मोकळं झालेलं असतं. त्या आल्हादाला देव म्हणू नका. हे मला मान्य आहे. नुसत्या बरं वाटण्यावर देव उभा करता येत नाही. पण या स्पष्टीकरणातून काठी खाली का ठेवायची हे कळत नाही. त्या गावात चुलीला रोज सरपण लागतं आणि राईत ते पायाशी पडून कुजत असतं. प्रश्न बरं वाटण्याचाच असता, तर मोळी बांधून घरी नेतानाही बरंच वाटलं असतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि त्यावरचा त्यांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. आसपासचे डोंगर बोडके झाले तिथंही जुनं रान टिकून राहिलं, ते या न उचललेल्या काठ्यांमुळे.

यावर विवेकवादी म्हणतील, ही भक्ती कुठली, हा तर देवाच्या कोपाचा धाक. धाक आहेच. कुणी झाड तोडलं आणि त्याचं पुढं काय झालं, याच्या गोष्टी प्रत्येक राईला चिकटलेल्या असतात. पण त्याच देवापुढं माणसं गाऱ्हाणं घालतात, अडल्या वेळी कौल लावतात, नवं धान्य आधी त्याला दाखवतात. आजोबांचा धाक वाटतो म्हणून आजोबांशी नातं नाही, असं कुणी म्हणत नाही.

मात्र हा धाक ओसरला तिथं राया तुटल्या, हेही कबूल केलं पाहिजे. त्यातल्या काही तर देवाच्याच नावानं तुटल्या: झाडं विकली आणि त्या पैशांत देवाला सिमेंटचं देऊळ बांधलं. देवाला छप्पर मिळालं, घर गेलं. पहिल्या पूर्वपक्षानं याचा हिशेब द्यावा.

तिसरा पूर्वपक्ष आमच्याच बाजूचा, म्हणून त्याच्याशी भांडताना जीभ अडखळते. ‘निसर्ग हाच माझा देव, ट्रेक हीच माझी पूजा’ असं म्हणणारी ही मंडळी. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं आणि तिथं फुलं बघायला एवढी झुंबड उडू लागली की माणसांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. फुलांत लोळून फोटो काढणाऱ्याला विचारा, तोही निसर्गप्रेमच सांगेल. त्याचा देव त्याच्याकडं काही मागत नाही, कशाला नाही म्हणत नाही. अशा देवाशी नातं कसलं जडणार? नात्याला दुसरी बाजू लागते, आणि त्या बाजूचा काही हक्क मानावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. रानात देव भेटतो, पण तो डोळ्यांच्या हौसेनं भेटत नाही. हात आवरला की भेटतो. ही कल्पना आपल्याला नवी नाही. एकादशीला ताट समोर असून आपण जेवत नाही. उपवास या शब्दाचा मूळ अर्थच जवळ राहणं. देवराई हा हाताचा उपवास आहे. काठी हातात होती तोवर मी जंगल बघत होतो. ती ठेवली तेव्हा ती कुणाची तरी झाली, ती जागाही कुणाची तरी झाली, आणि मी त्या घरी आलेला पाहुणा ठरलो. इतकी वर्षं घाटवाटा तुडवताना हे मला कधी जाणवलं नव्हतं.

परतताना दोनदा घसरलो, पँट चिखलानं भरली. राईची हद्द संपली तसे बाबा कडेच्या कारवीत शिरले, एक फोक मोडून पानं ओरबाडली आणि माझ्या हातात दिली.

“ही घ्या. ही चालंल.”