बांधकामाचा ठराव अधिसभेपुढे पूर्ण हिशेबासह आला पाहिजे

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे नोंदणीकृत पदवीधर, अधिसभेचे सदस्य आणि फी भरणारे पालक यांस,

गणेशखिंडीतली मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरांचं पावसाळ्यातलं निवासस्थान. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी १८६४ च्या सुमारास हे काम काढलं, तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. बांधकाम मात्र थांबलं नाही. फ्रियर १८६७ मध्ये पद सोडून गेले, इमारत १८७१ मध्ये पुरी झाली, खर्च पावणेदोन लाख पौंडांच्या घरात गेला आणि मुंबईच्या गव्हर्नरांच्या उधळपट्टीचं उदाहरण म्हणून थेट ब्रिटिश पार्लमेंटात तिचा उद्धार झाला. इमारत देखणी आहे, यात वाद नाही. पण काम काढणारा एक, पुरं करणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसराच, ही तिची कुळकथा आजही विद्यापीठांच्या बांधकामांना लागू पडते. कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची असते आणि इमारत पन्नास वर्षं उभी राहते. कोनशिलेवर नाव एकाचं लागतं. गळती, लिफ्ट, वीजबिल आणि रखवालदाराचा पगार पुढच्या नऊ-दहा कुलगुरूंच्या वाट्याला येतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या बाबतीत मोघम नाही. अर्थसंकल्प आणि आर्थिक तरतुदींबाबत अधिसभा हे प्रमुख प्राधिकरण आहे, असं कलम २८ सांगतं. व्यवस्थापन परिषद कारभार पाहते, पण पैशाचा जाब अधिसभेला द्यायचा असतो. म्हणूनच तिथे प्राचार्य आणि शिक्षक यांच्याबरोबर पदवीधरांचेही दहा निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. प्रत्यक्षात अधिसभा वर्षातून किमान दोनदा भरावी एवढंच बंधन आहे, आणि अर्थसंकल्पाच्या सभेत सदस्यांच्या हाती येतो तो एक जाडजूड दस्तऐवज. त्यात बांधकाम हा एका लेखाशीर्षापुढचा आकडा असतो. त्या आकड्यावरून इमारत का हवी, आहे ती जागा किती वापरात आहे, नव्या वर्गांत शिकवणार कोण, हे कळत नाही. अधिसभा अशा वेळी मंजुरी देत नाही, नुसती पोच देते. मुंबई विद्यापीठात तर पदवीधरांच्या दहाही जागा २०२२ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत रिकाम्या होत्या; उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर निवडणूक झाली. तोवर पैशांचे निर्णय या दहा जणांविनाच होत राहिले.

परिषदेतले सगळे लोक हौशी किंवा स्वार्थी आहेत, असं आमचं म्हणणं नाही. बांधकामाकडे ओढा निर्माण होण्याची कारणं व्यवस्थेतच आहेत. मंजूर प्राध्यापकपद भरायचं तर शासनाची परवानगी लागते आणि ती वर्षानुवर्षं मिळत नाही. इमारतीला मात्र परिषदेचा ठराव, निविदा आणि निधी एवढं पुरतं. केंद्राची अनुदानंही त्याच दिशेला ढकलतात. रूसा योजनेतलं पायाभूत सुविधांचं अनुदान नवं बांधकाम ३५ टक्के, नूतनीकरण ३५ टक्के आणि उपकरणं ३० टक्के अशा वाटणीने येत असे. म्हणजे दर शंभर रुपयांतले सत्तर विटा-सिमेंटसाठी आधीच बांधलेले. जे करता येतं ते होतं, जे करायला हवं ते मंत्रालयाच्या फायलीत राहतं.

परिणाम समोर आहे. एनआयआरएफच्या सर्वसाधारण क्रमवारीत पुणे विद्यापीठ २०२४ मध्ये ३७ वं होतं, २०२५ मध्ये ९१ वं झालं. विद्यापीठांच्या यादीत ते २३ वरून ५६ वर गेलं. ही क्रमवारी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, तिच्यात दोष पुष्कळ आहेत. पण तिच्या निकषांत एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे: विद्यार्थ्यामागे होणारा भांडवली खर्च मोजताना नव्या इमारतींचा खर्च वगळला जातो, आणि विद्यार्थ्यांच्या प्रमाणात नियमित शिक्षक किती, याला वेगळे गुण आहेत. ज्या मोजपट्टीची जाहिरात विद्यापीठं चढती कमान असताना फलक लावून करतात, ती मोजपट्टीच नव्या मजल्यांना शून्य किंमत देते.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: पदभरती शासनाच्या हातात, आम्ही काय करणार? हे अर्धंच खरं आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतला मोठा भाग परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्कातून येतो. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत शिकणारी, गणेशखिंडीत एक दिवसही न बसलेली मुलं तो भरतात. त्याच निधीतून विद्यापीठ कंत्राटी शिक्षक नेमू शकतं, ग्रंथालय रात्री उघडं ठेवू शकतं, जुन्या वसतिगृहांची दुरुस्ती करू शकतं. हात बांधलेले आहेत ते एका बाजूने. दुसरा हात मोकळा आहे आणि तो कशाला घालायचा, हे परिषदच ठरवते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विद्यार्थी वाढले, विषय वाढले, प्रयोगशाळा जुन्या झाल्या. मग बांधायचंच नाही का? जरूर बांधा. बाहेरगावच्या मुलींना वसतिगृहात जागा मिळत नसेल तर त्या इमारतीसाठी आम्हीही ठरावाच्या बाजूने पत्रक काढू. आमचा विरोध गरज सिद्ध न करता होणाऱ्या मंजुरीला आहे. राहिला तिसरा आक्षेप, की अधिसभेत राजकारण फार, तिथे विषय नेला तर काम रखडेल. राजकारण तिथे आहेच. पण बंद दाराआडच्या बैठकीत ते नसतं असं समजणं भाबडेपणाचं आहे. तिथे ते फक्त इतिवृत्तात येत नाही.

मागणी जगावेगळी नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अर्थसंकल्प, योजना आणि प्रस्तावित खर्च कोणी अर्ज न करताही प्रसिद्ध करायचा असतो, आणि लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना सगळी संबंधित वस्तुस्थिती मांडायची असते. तेव्हा प्रत्येक नव्या बांधकामाचा ठराव मंजुरीआधी संकेतस्थळावर यावा. त्यासोबत आजच्या खोल्यांचा प्रत्यक्ष वापर, पैशाचा स्रोत, देखभालीचा वार्षिक खर्च आणि नव्या जागेत शिकवणाऱ्या मंजूर पदांची स्थिती जोडलेली असावी. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत कामाची प्रगती आणि वाढलेला खर्च अधिसभेच्या प्रत्येक सभेत मांडला जावा. यातल्या एकाही गोष्टीसाठी कायदा बदलावा लागत नाही. परिषदेचा एक ठराव पुरे.

पुण्याच्या पदवीधर प्रतिनिधींची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली आणि अधिसभेची मुदत पाच वर्षांची आहे. मत मागायला जो कोणी दारात येईल, त्याला विचारा की गेल्या पाच वर्षांत बांधकामाच्या कोणत्या ठरावावर त्याने प्रश्न विचारला. आणि त्याआधी, पदवीधर म्हणून अजून नाव नोंदवलं नसेल, तर ते नोंदवा.