धोका आराखड्यातच ओळखावा

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. एवढ्या मोठ्या प्रणालीतील चुका वापर सुरू झाल्यावर शोधणे फार महागात पडते. कोणता भाग कुठे दगा देईल, याचा अंदाज कोड लिहिण्याआधीच बांधावा लागतो. आधारच्या बारा अंकांतील शेवटचा अंक याचे उत्तम उदाहरण. डच गणितज्ञ व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने तो आधीच्या अकरा अंकांवरून काढला जातो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, की क्रमांक तिथल्या तिथे बाद ठरतो. लिहिताना माणूस चुकणार, हे इथे आधीच गृहीत धरले आहे.

बोटांच्या ठशांचे प्रकरण अधिक अवघड. शेतमजुरीने ठसे झिजतात, सातपुड्यातल्या अनेक पाड्यांवर नेटवर्क मिळत नाही. रेशन दुकानातल्या आधार पडताळणीच्या यंत्राला मात्र सहसा दोन्ही लागतात. नोंदणीत बुबुळांचाही समावेश केला, हे योग्यच झाले. पण पर्याय नोंदवून भागत नाही, तो दुकानात हाताशी असावा लागतो. नव्या सरकारी प्रणालीच्या गरजा ठरवताना सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या लोकांना पहिल्याच बैठकीला बोलवावे.