दिव्यांच्या कांचेआडचें पाणी

गळिताचा हंगाम सुरू झाला, म्हणजे धाराशिव, कळंब, तुळजापूर या भागांतील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ रात्रंदिवस चालूं असते. टायर, डिझेल, हुकाची पिन यांकडे आमचे शेतकरी बंधु डोळ्यांत तेल घालून पाहतात. परंतु दिव्यांच्या कांचेआड सांचलेल्या पाण्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. ही हयगय जिवावर बेतणारी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें पाणी येतें कोठून? दिवा लागला म्हणजे आंतील हवा तापून फुगते व मागील बारीक छिद्रांतून बाहेर पडते. दिवा निवाला कीं ती आकसते आणि बाहेरील दमट हवा आंत ओढली जाते. बालाघाटच्या माथ्यावर पौषांत रात्रीं गारठा पडतो; तेव्हां कांच आधीं गार होते व तिच्यावर आंतून दंव धरतें. दिवा लावल्यावर थोड्या वेळांत विरणारें पातळ धुकें हा दोष नव्हे. परंतु थेंब ओघळूं लागले, अगर तळाशीं पाणी सांचलें, तर कांच तडकली आहे किंवा रबरी टोपण फाटलें आहे, असें समजावें. अशा पाण्यानें परावर्तकाची चकाकी जाते, होल्डरास गंज चढतो व उजेड मंदावतो.

कित्येक जण लांबी लावून सर्व छिद्रें बुजवितात. हा रोगापेक्षां इलाज भयंकर! ओल आंतच कोंडते. दिवा सोडवून उन्हांत पुरता सुकवावा, फाटलेलें रबर व तडकलेली कांच बदलावी, छिद्रांतील चिखल काढून तीं मोकळीं ठेवावीं. तापलेल्या दिव्यावर पाण्याचा फवारा मारूं नये.

मागील तांबड्या दिव्याची हेळसांड तर अधिक घातक. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणें तो १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे. तो चिखलपाण्यानें आंधळा झाला असतां सोलापूर-धुळें महामार्गावर भरधाव येणाऱ्या मोटारीस ट्रॉली दिसावी कशी?

वाहतूकदार म्हणतील, तोडीची पाळी आली असतां दिव्यासाठीं दिवस कोण मोडील? आमचें उत्तर असें कीं, रबरी टोपणाचा खर्च एका टन उसाच्या किमतीपुढें कांहींच नाहीं. म्हणून कारखान्यांनीं वाहतुकीच्या करारांतच दिव्यांच्या तपासणीची अट घालावी, आणि ज्या ट्रॉलीचे दिवे धड नाहींत तींत आपला ऊस भरूं न देण्याचा निर्धार सभासदांनीं करावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.